फ्रँकोच्या काळातला स्पॅनिश सिनेमा कसा पाहावा

स्पॅनिश सिनेमाची सुरुवात आल्मोदोवार या फ्रँकोनंतरच्या दिग्दर्शकापासून करू नका. १९७५ मध्ये स्पेनचा हुकूमशहा फ्रँको गेला, १९७७ मध्ये सेन्सॉरशिप उठली. पुढचा मोकळेपणा कशातून सुटून आला हे कळायचं, तर आधीचे सिनेमे आधी. मूळ स्पॅनिश आवाजात, सबटायटल्स लावून.

पहिला बेर्लांगाचा ‘ब्येनवेनिदो, मिस्टर मार्शल’ (१९५३). सोपा आहे, खळखळून हसवतो.

दुसरा बुन्युएलचा ‘विरिदियाना’ (१९६१). नन व्हायला निघालेली नायिका शेवटी एकटी नात्यातल्या भावाच्या, होर्खेच्या, खोलीत शिरते, हा शेवट सेन्सॉरनं नाकारला. बुन्युएलनं तिला होर्खे आणि मोलकरणीबरोबर पत्ते खेळायला बसवलं. ते संमत झालं, आणि मूळ शेवटापेक्षा कितीतरी जास्त सांगून गेलं. शेवटचं दृश्य दोनदा पाहा.

तिसरा एरिसेचा ‘एल एस्पिरितु दे ला कोल्मेना’ (१९७३), म्हणजे ‘मधमाश्यांच्या पोळ्याचा आत्मा’. ‘फ्रँकेन्स्टाइन’ सिनेमातल्या राक्षसानं झपाटलेल्या आना नावाच्या छोट्या मुलीची गोष्ट. खरी अडचण इथे येते. पहिल्यांदा मी तो अर्ध्यावर बंद केला. मग कुणीतरी सांगितलं की यातली प्रत्येक गोष्ट प्रतीक आहे. हा सल्ला अजिबात ऐकू नका. पोळं म्हणजे देश, राक्षस म्हणजे हुकूमशहा अशी यादी करत बसले आणि छोट्या आनाचा चेहरा बघायचाच राहिला.

तिसऱ्या वेळी ठरवलं, कोण कोणाशी बोलत नाही एवढंच बघायचं. १९४० च्या सुमाराचं कास्तिलमधलं गाव, यादवी युद्ध नुकतंच संपलेलं. आनानं एका फरारी माणसाला वडिलांचा कोट दिलाय, खिशात त्यांचं घड्याळ. त्या माणसाला गोळ्या घालतात. दुसऱ्या दिवशी न्याहारीला वडील तेच घड्याळ उघडतात, त्यातली सुरावट वाजते, आना वर बघते. कोणी काही बोलत नाही. एकाच टेबलाशी घरातली चौघं, पण कॅमेरा त्यांना एका चौकटीत घेत नाही.

सेन्सॉरकडे आधी संहिता जायची, म्हणजे कागद. दोन माणसांमधली शांतता कागदावर कशी दिसणार? परदेशी सिनेमांचे संवाद तर डबिंगमध्येच बदलायचे. ‘मोगाम्बो’ या हॉलिवूडपटातल्या नवराबायकोला भाऊबहीण करून टाकलं होतं. म्हणून एरिसेच्या या सिनेमात शब्दांवर भिस्त ठेवू नका. संथ वाटला तरी पुढे पळवू नका, हेडफोन लावा.

मग साउराचा ‘ला काथा’ (१९६६), सशांची शिकार. आणि त्याचाच ‘क्रीया कुएर्व्होस’ (१९७६), फ्रँकोच्या शेवटच्या उन्हाळ्यात चित्रित झालेला. एरिसेच्या सिनेमात छोटी आना झालेली आना तोरेंत यात पुन्हा आहे, पहिल्या दृश्यात ती काळोख्या जिन्यावरून खाली येते. तिथून पुढे तिच्यावरची नजर हलवू नका.