कपाटातली जुनी टेलिफोटो झूम आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर कशी वापरावी

काकांनी त्यांची ८०-२०० एफ/४ निक्कॉर, म्हणजे निकॉनची दूरचं जवळ आणणारी जुनी झूम लेन्स, माझ्या हातात ठेवली, ती चामड्याच्या केसमध्ये होती आणि केसला बंद कपाटाचा कुबट वास येत होता. तिने काढलेले पहिले शंभरेक फोटो मी डिलीट केले. सगळे किंचित हललेले आणि पांढुरके. ‘लेन्स गेली’ असं मी घरात जाहीरही करून टाकलं. लेन्सला काहीही झालं नव्हतं. चुका माझ्या होत्या आणि त्या कोणत्या क्रमाने टाळायच्या, ते खाली लिहितो.

आधी टॉर्च, मग बाकी सगळं

अ‍ॅपर्चर म्हणजे उजेड आत सोडणारं भोक. त्याची रिंग फिरवून ते पूर्ण उघडा, म्हणजे आकडा सर्वात लहान. मोबाइलचा टॉर्च मागून तिरका मारा आणि पुढून आत पाहा. धुळीचे चार कण दिसले तर सोडून द्या, त्यांनी फोटो बिघडत नाही. पुढे-मागे सरकणारी झूम पंपासारखी हवा ओढते, त्यामुळे धूळ आत जाणारच. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. कडेला थोडी असेल तर चालून जातं. मधोमध पसरली असेल आणि लेन्स विकतची असेल, तर नमस्कार करून परत द्या. भिंगांवर एकसारखा दुधाळ थर असेल तर उजेडाकडे तोंड करून काढलेला प्रत्येक फोटो फिका येईल.

मग रिंग फिरवून अ‍ॅपर्चरची पाती पाहा. ती चकचकीत, तेलकट दिसली तर अडकण्याची शक्यता असते. शेवटी लेन्स खाली तोंड करून धरा. झूमची नळी आपोआप घसरत असेल तर त्रासदायक, पण जीवघेणं नाही.

माउंट ओळखा, अडॅप्टर त्यानंतर

माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्यावर बसते तो भाग. प्रत्येक माउंटचं सेन्सरपासूनचं अंतर ठरलेलं असतं. निकॉन एफचं ४६.५ मिमी, कॅनन ईएफचं ४४, कॅननच्या जुन्या एफडीचं ४२. मिररलेसमध्ये आरसा नसल्याने हे अंतर खूप कमी: सोनी ईचं १८, निकॉन झेडचं १६, कॅनन आरएफचं २०. उरलेली जागा अडॅप्टरची पोकळ नळी भरून काढते. म्हणून मिररलेसवर जवळपास कुठलीही जुनी लेन्स बसते. उलट एफडी लेन्स कॅननच्या डीएसएलआरवर, म्हणजे आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यावर, लावायची तर दोन मिलिमीटर जास्तीचे आड येतात आणि मधे भिंग असलेला अडॅप्टर घेतल्याशिवाय दूरवर फोकस होत नाही. त्या भानगडीत पडू नका.

निकॉनवाल्यांचं प्रकरण वेगळं. एफ माउंट १९५९ पासून तोच आहे, पण ‘बसते’ आणि ‘चालते’ यात फरक आहे. १९७७ मध्ये एआय पद्धत आली, म्हणजे रिंगवरचं अ‍ॅपर्चर बॉडीवरच्या कळीला कळू लागलं. त्याआधीची, बदल न केलेली लेन्स डी७००० किंवा डी७५० सारख्या बॉडीवर जबरदस्तीने फिरवली तर माउंटच्या कडेची छोटी कळ मोडू शकते. एआय लेन्स या बॉड्यांवर नीट चालते: मेन्यूत फोकल लेन्थ (लेन्सवरचा मिमीचा आकडा) आणि सर्वात मोठं अ‍ॅपर्चर भरलं की उजेड मोजणारा मीटरही चालतो. डी७५०० मध्ये मात्र ही कळच नाही. डी३००० आणि डी५००० मालिकांतही नाही. तिथे मीटर गप्प राहतो. मॅन्युअल मोडवर अंदाजाने एक फोटो काढा, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) पाहा, सुधारा.

एएफ-डी प्रकारची, म्हणजे निकॉनची जुनी ऑटोफोकस झूम असेल तर अ‍ॅपर्चर रिंग सर्वात मोठ्या आकड्यावर, बहुधा २२ वर, नेऊन लॉक करा. नाहीतर स्क्रीनवर ‘एफईई’ झळकतं आणि माणूस दुरुस्तीवाल्याकडे पळतो. या लेन्समध्ये मोटर नसते, ती बॉडीत लागते. त्यामुळे डी३०००, डी५००० मालिकांवर आणि एफटीझेड (एफ ते झेड) अडॅप्टर लावलेल्या झेडवर फोकस हातानेच करावा लागतो.

कॅननच्या ईएफ लेन्स (१९८७ पासूनच्या) अडॅप्टर लावून आरएफ बॉडीवर ऑटोफोकससकट चालतात. पण सिग्मा या दुसऱ्या कंपनीच्या फिल्मकाळातल्या काही ईएफ लेन्स डिजिटल बॉडीवर अ‍ॅपर्चर लहान केलं की एरर देतात. तेव्हा विकत घेताना स्वतःची बॉडी सोबत न्या आणि एफ/८ वर एक फोटो काढूनच पैसे द्या.

कॅमेऱ्यात काय बदलायचं

साध्या, विजेची जोडणी नसलेल्या अडॅप्टरवर लेन्स लावली की कॅमेऱ्याला ती दिसतच नाही. सोनी, फुजी, कॅननच्या मेन्यूत ‘लेन्सशिवाय शटर’ असा पर्याय असतो, तो चालू करा. मोड अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी ठेवा. अ‍ॅपर्चर लेन्सच्या रिंगने बदलायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो. फोटोच्या माहितीत अ‍ॅपर्चर नोंदलं जाणार नाही. हवं असेल तर वहीत लिहा, काका लिहायचेच.

बॉडीत स्थिरीकरण, म्हणजे हाताचा हलका थरकाप सावरणारी सोय, असेल तर फोकल लेन्थ हाताने भरावी लागते. इथे मी बराच काळ फसलो होतो. मी २०० भरून ठेवलं आणि ८० वर फोटो काढत राहिलो. कॅमेरा गरजेपेक्षा जास्त सुधारणा करून उलट फोटो हलवत होता. आकडा खऱ्यापेक्षा कमी असेल तर सुधारणा अपुरी पडते, नुकसान होत नाही. म्हणून झूम करत राहणार असाल तर कमी आकडा ठेवा आणि २०० वरच ठाण मांडणार असाल तेव्हाच २०० भरा.

फोकस

मिररलेसवर चित्र मोठं करून पाहण्याचं बटण बोटाखाली आणून ठेवा. कडा रंगवून दाखवणारं पीकिंग सोयीचं आहे, पण २०० मिमीवर ते थापा मारतं. रंग दिसला म्हणजे डोळा शार्प असेलच असं नाही. डीएसएलआरवर व्ह्यूफाइंडरमधला हिरवा ठिपका पाहा. लेन्सचं सर्वात मोठं अ‍ॅपर्चर एफ/५.६ किंवा त्याहून मोठं (आकडा लहान) असेल तर तो हाताने फोकस करतानाही चालतो.

जुन्या झूमची एक खुबी: बऱ्याच मॅन्युअल झूम लांबी बदलली तरी फोकस सोडत नाहीत. २०० वर नेऊन फोकस करायचं, मग मागे ओढून चौकट बसवायची. तुमची लेन्स हे करते का, ते गच्चीवरून दूरच्या पाटीवर एकदा तपासा. एकाच रिंगने झूम आणि फोकस होणाऱ्या लेन्समध्ये ओढताना हात किंचित फिरतो आणि फोकस जातो, याचीही सवय तेव्हाच होईल. आणि अनंताच्या (∞, म्हणजे खूप दूर) खुणेवर विसंबू नका. अडॅप्टर बहुधा थोडे आखूड केलेले असतात, त्यामुळे रिंग अनंताच्याही पुढे जाते.

हललेला फोटो

माझे शंभर फोटो इथे गेले. फिल्मच्या दिवसांतला नियम सांगायचा तर शटर ‘एक भागिले फोकल लेन्थ’ सेकंद. एपीएस-सी सेन्सरवर (तो फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान) २०० मिमीची चौकट ३०० इतकी अरुंद होते, त्यात २४ मेगापिक्सेलवर फोटो शंभर टक्के मोठा करून पाहायची आपली खोड. मी १/५०० खाली जात नाही, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवतो. डावा हात लेन्सखाली, कोपरं अंगाला टेकवून. जड झूम ट्रायपॉडवर लावताना लेन्सची स्वतःची ट्रायपॉडची पट्टी असेल तर तीच वापरा. लेन्स कॅमेऱ्याला लटकवली तर सगळा भार अडॅप्टरवर येतो. पट्टी नसेल तर निदान चालताना हात लेन्सला धरून असू द्या.

पांढुरकेपणा

जुन्या कोटिंगला तिरका उजेड सोसत नाही. हूड (लेन्सपुढची सावलीची नळी) लावा, नसेल तर तळहाताची सावली करा. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर कडा जांभळ्या दिसतात, एक-दोन स्टॉप (अ‍ॅपर्चरच्या पायऱ्या) बंद केलं की फरक पडतो. एफ/८ वर काकांची लेन्स फार गोड आहे. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, मग लाइटरूममध्ये किंवा फुकटच्या डार्कटेबलमध्ये कॉन्ट्रास्ट थोडा वाढवा आणि जांभळी किनार काढा. भर दुपारी धरणाच्या पाण्यावरून दूरचा पक्षी टिपलात आणि तो वितळलेला आला, तर ती तापलेल्या हवेची करामत. सकाळी लवकर जा. लहान पक्ष्यांसाठी २०० मिमी तसंही अपुरंच. भिगवणचे रोहित पक्षी (फ्लेमिंगो), तालमीतली कुस्ती, वारीतले चेहरे, इथे ती शोभते.

वापरून झाली की लेन्स पुसून हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास असावी. छोटा आर्द्रतामापक टाकून ठेवला की पुड्या कधी बदलायच्या ते कळतं. चामड्याची केस ओल धरते, म्हणून ती मी काकांना परत दिली. ते आता तिच्यात जुने चष्मे ठेवतात.