पॉट्सव्हिलची भुयारे आणि आपल्याकडून नवीन आलेले

सांगली-साताऱ्याकडून पेनसिल्व्हेनियात नव्याने आलेल्यांना मी पहिल्या काही महिन्यांतच पॉट्सव्हिलला घेऊन जातो. तुम्ही बीअर घेत असा वा माळकरी असा, तेथील यिंगलिंग कुटुंबाचा बीअरचा कारखाना एकदा पाहावा, असा माझा आग्रह असतो. जर्मनीतील आल्डिंगन गावचा डेव्हिड गॉटलिब युंगलिंग (यिंगलिंग आडनावाचे हे मूळ जर्मन रूप) कोळशाच्या खाणींच्या या गावी आला आणि 1829 साली त्याने ईगल ब्रूअरी सुरू केली. दोनच वर्षांत ती जळाली. तेव्हा त्याने महान्टाँगो स्ट्रीटच्या चढावर नवी इमारत बांधली आणि मागचा डोंगर पोखरून भुयारे काढली, कारण बीअर मुरायला गारवा लागतो आणि त्या काळी तो डोंगराच्या पोटातच मिळत असे. त्या भुयारांत उन्हाळ्यातही हुडहुडी भरते, आणि दारूबंदीत सरकारी माणसांनी ती विटांनी चिणून टाकली होती, त्या भिंतीचा उरलेला भाग अजून दाखवतात. आपल्याकडे उभी बाटली-आडवी बाटलीचे मतदान गावापुरते असते. येथे 1920 ते 1933 सबंध देशात बाटली आडवी होती. त्या तेरा वर्षांत या कुटुंबाने नाममात्र अल्कोहोलची बीअर काढून आणि रस्त्यापलीकडे दूध-आइस्क्रीमचा धंदा घालून दिवस काढले. ती डेअरी पुढे 1985 पर्यंत चालली.

माझे चुलते विट्याहून कोइमतूरला जाऊन गलाईच्या दुकानात सोने-चांदी गाळत असत. धंदा उत्तम चालला, पण तो पुढे कोणाच्या हाती जायचा हे वेळेवर न ठरल्याने भावाभावांतले बोलणे तुटले, म्हणून पॉट्सव्हिलची एक रीत मला फार मोलाची वाटते. तेथे पुढची पिढी मागच्या पिढीकडून धंदा रीतसर विकत घेते. पाचव्या पिढीतील डिक यिंगलिंग यांनीही 1985 मध्ये तो वडिलांकडून असाच घेतला, आणि आता त्यांच्या चार मुली कारभारात आहेत. तुमच्याही मनात धंदा असेल, तर नोकरीच्या व्हिसावर स्वतःच्या दुकानातही काम करता येत नाही हे ध्यानात ठेवा आणि आधी वकिलाला विचारा.

युंगलिंगने आडनावाची अक्षरे इंग्रजीच्या सोयीने बदलली. तुम्ही तसे करण्याची गरज नाही, मात्र पासपोर्टवर जे स्पेलिंग आहे तेच सर्व कागदांवर ठेवा. माझ्या एका कागदावर वडिलांचे नाव होते, दुसऱ्यावर नव्हते, आणि तेवढ्यापायी मला गाडी चालवण्याच्या लायसन्ससाठी तीन खेपा घालाव्या लागल्या. येथे राहायला आल्यापासून 60 दिवसांत या राज्याचे लायसन्स काढावे लागते.

फिलाडेल्फियाच्या बारमध्ये नुसते ‘लागर’ (बीअरचा एक प्रकार) म्हटले की बहुधा यिंगलिंगचाच ग्लास पुढे येतो. मी पहिल्यांदा अक्षरे लावून ‘युएंगलिंग’ म्हणालो आणि टेबलावर हशा पिकला. न पिणाऱ्याने निःसंकोच सोडा मागावा. गावाकडच्यासारखा आग्रह येथे कोणी करत नाही. वयाचा पुरावा मात्र जवळ हवा, कारण 21 वर्षांखालील व्यक्तीला मद्य मिळत नाही. पिऊन गाडीला मुळीच हात लावू नका. नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द होऊ शकतो.

कारखान्यात चढ-उतार आणि पायऱ्या पुष्कळ आहेत, तेव्हा चपला न घालता बंद बूट घाला आणि जुलै असला तरी स्वेटर बरोबर घ्या.