पहिलं जाळं टाकण्याआधी: मासा किती मोठा हवा?

पावसाळी मासेमारीबंदीत, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, ६१ दिवस शाकारून ठेवलेल्या होड्या आता मोकळ्या होऊ लागल्या आहेत. कुणी बंदी उठल्याच्या रात्रीच निघेल, कुणी नारळी पौर्णिमेला नारळ वाहून. डिझेल भरलं, बर्फ घेतला, खलाशांची उचल देऊन झाली, की तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, डोक्यात एकच विचार असतो, पहिल्या फेरीत खर्च निघावा. नेमकी त्याच घाईत कोवळी मासळी सर्वांत जास्त मारली जाते. म्हणून हा सल्ला आत्ता, जाळी अजून किनाऱ्यावर आहेत तोवर.

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीवर राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा चालतो. त्याखाली २०२३ मध्ये महाराष्ट्राने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकारमान ठरवून दिलं. शिफारस केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची होती. केरळने हे काम २०१५ मध्येच सुरू केलं होतं, आपण उशिरा जागे झालो. २०२३ च्याच सप्टेंबरमध्ये सरंगा, म्हणजे आपलं चंदेरी पापलेट, राज्य मासा झालं. मान मिळाला, पण जाळ्यात येणारं पापलेट त्याने मोठं झालं नाही.

तीन आकडे तरी पाठ असू द्या. पापलेट १३५ मि.मी., बोंबील १८० मि.मी., सुरमई ३७० मि.मी. उरलेल्या जातींची यादी मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून किंवा मच्छीमार सोसायटीतून मागून घ्या आणि केबिनमध्ये चिकटवा. होडीवर टेप घेऊन कोण बसणार, असं म्हणाल तर साधी युक्ती आहे. हातभर लाकडी पट्टी घ्या, एका टोकाला आडवी चिप ठोका, तिथून मोजून या तिन्ही मापांवर करवतीने खाचा पाडा आणि खाचांत ऑइलपेंट भरा. माशाचं तोंड चिपेला टेकवलं की एका नजरेत कळतं. शेपूट ताणून दोन मिलिमीटर वाढवायचे उद्योग मात्र करू नका.

माझं स्वतःचं मत विचाराल तर १३५ ही फक्त कायद्याची रेषा आहे. साडेतेरा सेंटिमीटरचं पापलेट म्हणजे तळहाताएवढं. गाबोळी धरलेलं पापलेट ज्याने कापलंय, त्याला ते याहून केवढं मोठं असतं हे वेगळं सांगायला नको.

पण पट्टीचा खरा उपयोग वेगळाच. खोला, म्हणजे जाळ्याच्या टोकाची मासळी साठणारी पिशवी, उपसून मासळी फळीवर ओतली तेव्हा लहान पापलेटं बहुतेक मेलेलीच असतात, ती परत पाण्यात टाकून कायदा पाळल्याचं समाधान तेवढं मिळतं. पट्टी सांगते ती पुढच्या टाकणीची गोष्ट. पहिल्या उपशात पाटीभर कोवळा माल आला तर त्या जागी दुसऱ्यांदा जाळं मारू नका. जागा बदला आणि वायरलेसवर शेजारच्या होड्यांनाही सांगा. जागा लपवण्याची आपली सवय मला माहीत आहे, पण पिल्लांची जागा लपवून कुणाचा फायदा?

ट्रॉलवाल्यांसाठी, म्हणजे होडीमागे जाळं ओढत नेणाऱ्यांसाठी, मुद्दा आसेचा, म्हणजे जाळ्याच्या डोळ्याचा. खोल्याला ४० मि.मी.ची चौकोनी आस असली पाहिजे. नेहमीची आस शंकरपाळ्यासारखी तिरकी असते. जाळं ओढू लागलं की ताणाने ती मिटते, आणि कागदावर मोठी असलेली आस पाण्यात चिंचोळी फट होते. चौकोनी आस ओढतानाही उघडी राहते, लहान मासा जिवंत निसटतो. तिच्या आतून बारीक जाळ्याचं अस्तर लावणं म्हणजे चाळणीला खालून फडकं बांधणं. असे खोले मी बंदरावर सुकत घातलेले पाहिलेत.

डोलवाल्यांची अडचण खरी आहे. डोल एका जागी बांधलेली, पाण्याच्या ओढीबरोबर जे येईल ते आत. बोंबील आणि जवळा हवा म्हणून खोला बारीक. तिथे हातात उरतं ते वेळेचं आणि जागेचं गणित. हंगामाच्या सुरुवातीला कोवळं पापलेट येऊ लागलं की त्या उधाणापुरती कव, म्हणजे डोल बांधायची ठरलेली जागा, रिकामी सोडायची, हा निर्णय एकट्या होडीने घेऊन भागत नाही. सोसायटीच्या सभेत सगळ्यांनी मिळून घ्यावा लागतो. पाण्यात पडद्यासारखं जाळं सोडणारे गिलनेटवाले त्यातल्या त्यात सुखी, आस मोठी ठेवली की लहान मासा आपोआप पार होतो.

‘मोठे पर्ससीन आणि एलईडीवाले समुद्र धुऊन नेतात, आणि माप आमच्या पाटीचं?’ हा राग रास्त आहे. पर्ससीन म्हणजे अख्ख्या थव्याला वेढून खालून आवळायचं मोठं जाळं, आणि एलईडीवाले म्हणजे प्रखर दिव्यांनी मासळी गोळा करून पकडणारे. एलईडी दिव्यांवर २०१७ पासून बंदी आहे, तरी रात्री समुद्रात उजेड दिसतोच. दिसला तर होडीचा क्रमांक, वेळ आणि जीपीएसवरची जागा लिहून सोसायटीमार्फत लेखी तक्रार द्या. तोंडी तक्रारीचा कागद होत नाही.

हिशोबाचंही बघा. लिलावात सुपर, एक नंबर, दोन नंबर अशी प्रतवारी लागते ती वजनावर. मोठ्या पापलेटाला किलोमागे मिळणारा भाव आणि पाटीच्या तळाशी राहिलेल्या चुऱ्याला मिळणारा भाव, दोन्ही एका वहीत फेरीवार लिहून ठेवा. सभेत बोलताना ती वही जवळ असू द्या.

जाळ्यात समुद्री कासव किंवा व्हेल शार्क अडकला तर जाळं कापून सोडा, पण आधी मोबाईलवर फोटो-व्हिडिओ काढा. फाटलेल्या जाळ्यासाठी शासनाकडून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते आणि अर्जासोबत हा पुरावा लागतो. मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत, तांडेलाच्या हाताशी ठेवा.