फूड ट्रकमध्ये गर्दीच्या वेळी गॅसची ज्योत बारीक होत असेल तर (माझा अनुभव)

आम्ही तिघा मित्रांनी फूड ट्रक सुरू केला आणि पहिल्याच आठवड्यात हा त्रास, सगळे बर्नर तासभर फुल चालले की ज्योत बारीक, सिलिंडर हलवून बघितला तर अर्धा भरलेला. बर्नर साफ केले, रेग्युलेटर बदलला, नळी बदलली, काही फरक नाही. ऐन गर्दीत लोकांना थांबवून ठेवताना अक्षरशः रडायला यायचं.

मग सिलिंडरला हात लावला तर खालचा भाग बर्फासारखा गार, वर पांढरा दहिवर. आतला द्रव गॅस वाफ होताना उष्णता ओढतो, एका सिलिंडरवर लोड जास्त पडला की तो गारठतो आणि प्रेशर पडतं. या गॅसमधला एक घटक, ब्युटेन, तर शून्य अंशाच्या आसपास वाफ होणंच थांबवतो.

शेवटी जे चाललं ते असं: आधी सगळे बर्नर आणि व्हॉल्व्ह बंद, गॅस फिटरकडून दोन सिलिंडर मॅनिफोल्डला (दोन्हींचा गॅस एकत्र आणणारा पाइप) जोडून घेतले, दोन्ही उभे आणि नॉन रिटर्न व्हॉल्व्हसकट (हा गॅस उलटा सिलिंडरमध्ये जाऊ देत नाही). मग एकेक व्हॉल्व्ह हळू उघडून प्रत्येक जॉइंटला साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा नाही हे बघूनच बर्नर पेटवले. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे ठेवायचे, एक संपल्यावर दुसरा असं केलंत तर तोच त्रास परत. आणि गारठलेल्या सिलिंडरला आच किंवा उकळतं पाणी अजिबात देऊ नका.