घर वर्षभर किडीपासून मोकळं ठेवायचं? आधी वर्षाचे गहू नीट भरा

इंदूरमध्ये ओला-सुका कचरा रोज गाडीत जातो. स्वच्छ शहरांच्या यादीत आपण २०१७ पासून वर्षानुवर्षं पहिले आलो, आणि त्याचा फायदा घरात खरोखर जाणवतो. माश्या कमी झाल्या, गल्लीतल्या घुशी कमी झाल्या. तरी आषाढ लागला की ओळखीपाळखीचे लोक विचारायला लागतात, "घरात कीड फार झाली, कुठला फवारा आणू?" मी उलट विचारते, गहू कधी भरले आणि कसे भरले? कारण आपल्याकडच्या घरांत निम्मी कीड खिडकीतून किंवा मोरीतून येत नाही. ती एप्रिलमध्ये पोत्यातून आपणच घरात आणतो. कोठीतले सोंडे डाळीच्या डब्यांत पसरतात, किडलेल्या गव्हाच्या पिठुळावर पोरकिडे पोसतात, सांडलेल्या दाण्यांमागे मुंग्या आणि उंदीर येतात. म्हणून घरभर फवारण्याआधी कोठी सांभाळायची.

गहू कुठला घ्यायचा ही ज्याच्या त्याच्या पोळीची आवड. लोकवन घ्या, शरबती घ्या, नाहीतर इथल्याच गहू संशोधन केंद्रात तयार झालेला पूर्णा घ्या. छावणीच्या मंडीतून आणा किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून. फक्त मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस झाला असेल तर लगेच घेऊ नका, पंधरा दिवस थांबा. कोठी रिकामी करून धुवा, खरखरीत उन्हात दोन दिवस उघडी ठेवा, कडेच्या दुमडीत अडकलेले जुने दाणे सुईने काढा. मागच्या वर्षीचे उरलेले गहू नव्यात मिसळायचे नाहीत, चार किलो असले तरी नाहीत. चाळणं, निवडणं सांगायला नको.

आता ऊन. सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले या टप्प्याबद्दल मिळतात, आणि मलाही हाच टप्पा सगळ्यात जड गेला. दाणा न् दाणा निवडून भरलेल्या गव्हात श्रावणात सोंडे येतात कुठून, याचं उत्तर मला बरीच वर्षं सापडत नव्हतं. उत्तर दाण्याच्या आत आहे. सोंड्याची मादी गव्हाला बारीक भोक पाडते, आत अंडं घालते आणि भोक चिकट पदार्थाने बुजवून टाकते. अळी आतच वाढते, आतच कोष करते आणि पूर्ण वाढलेला सोंडा दाणा पोखरून बाहेर येतो. तीस अंशांच्या आसपास या सगळ्याला महिना-सव्वा महिना लागतो. एक मादी तीनशेपर्यंत अंडी घालू शकते. म्हणजे तुम्ही निवडता तेव्हा दाणा बाहेरून अगदी स्वच्छ दिसतो. ना चाळणीला काही कळतं, ना डोळ्याला.

म्हणून उन्हाची दोन वेगळी कामं आहेत, ती एकात एक मिसळू नका. पहिलं काम दाण्यातला ओलावा घालवणं. गच्चीवर चादर घालून गहू पातळ पसरा, बोटाच्या दोन पेरांपेक्षा जाड थर नको, आणि दर तासाला हात फिरवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा दोन-तीन दिवस पुरतात. ओलावा बारा टक्क्यांच्या खाली यायला हवा. घरी मोजायचं यंत्र नसतं, पण कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर गहू आणि चमचाभर कोरडं मीठ घालून हलवा आणि दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा पंधरा टक्क्यांच्या वर आहे, परत उन्हात न्या. नाही चिकटलं तरी तेवढ्यावर थांबू नका, दाणा दाताखाली धरा. कट्कन तुटला तर झाला, चेपला तर आणखी एक ऊन द्या.

दुसरं काम आतली अळी मारणं, आणि ते नुसत्या उघड्या उन्हाने होत नाही. वारा लागत राहतो, दाणा तापून तापून पंचेचाळीसला अडकतो. अळी मरायला पंचावन्न अंशांच्या वर निदान तासभर हवा. त्यासाठी खाली काळं प्लास्टिक, त्यावर वाळलेल्या गव्हाचा बोटभर जाडीचा थर आणि वरून पारदर्शक प्लास्टिक, कडांवर विटा. भर दुपारी बारा ते तीन. आत थर्मामीटर खुपसून बघा, अंदाजावर सोडू नका. हे ओल्या गव्हाला कधीही करायचं नाही. प्लास्टिकखाली वाफ धरते, दाणा घामेजतो आणि बुरशीचा वास बसतो. आधी उघडं वाळवणं, मग झाकून तापवणं, हाच क्रम. काढल्यावर वरचं प्लास्टिक दूर करून अर्धा तास उघडं ठेवा.

आणखी एक. ऊन लागलं की जिवंत सोंडे सावलीकडे पळतात. भिंतीला लागून वाळवण घातलं तर ते भिंतीच्या फटीत शिरतात आणि संध्याकाळी परत येतात. गच्चीच्या मधोमध घाला.

गरम गहू तसाच कोठीत ओतू नका. "ऊन गहूच भरावे, कीड लागत नाही" असं ठासून सांगणारे पुष्कळ भेटतात. पत्र्याच्या कोठीत गरम दाणा रात्री निवतो, आतली वाफ झाकणाला थंड होऊन वरच्या थरावर टपकते आणि नेमका तोच थर आधी सडतो. घरात चादरीवर रात्रभर पसरून ठेवा, वरून पातळ सुती कापड घाला, सकाळी भरा.

एरंडेलाबद्दल माझं मत ऐकून काही मावश्या रागावतात, पण मी ते बदलणार नाही. गव्हाला एरंडेल हे औषध नाही. तेलाचा पातळ थर वरच्या पृष्ठभागावर घातलेली अंडी गुदमरवतो. सोंड्याचं अंडं दाण्याच्या आत असतं, तिथे तेल काय करणार? डाळी-कडधान्यांचा भुंगेरा मात्र अंडी बाहेर, सालीवर चिकटवतो. मुगावर, हरभऱ्यावर पांढरे ठिपके दिसतात ना, तीच. तिथे एरंडेल फार छान काम करतं, किलोला छोटा चमचाभर पुरतं. गव्हाला लावायचं तर ऊन देऊन झाल्यावर लावा, हात जेमतेम तेलकट होईल इतकंच. उन्हाऐवजी तेल, असं मात्र करू नका.

कडुलिंबाचा पाला सावलीत कुरकुरीत वाळवलेला असेल तर घाला, नुकसान नाही. ओला पाला घालून लोक कोठीत स्वतःच्या हाताने ओलावा घालतात. बिब्बे, लवंगा, काड्यापेट्या यांवर विसंबू नका. तांदळाला बोरिक पावडर चोळू नका. पाऱ्याच्या टिकड्याही खाण्याच्या धान्यात ठेवू नका.

आणि सल्फास. हे वाचून बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण एवढं लक्षात ठेवा. गहू घेताना कुणी कागदात गुंडाळून गोळ्या दिल्या, "दोन टाका, वर्षभर बघायला नको" म्हणाला, तर त्या परत करा. ही अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी असते. हवेतला ओलावा लागताच तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून एक ग्रॅम वायू. गोदामात, बंद ताडपत्रीखाली, प्रशिक्षित माणसांनी वापरण्यासाठी ती आहे. घरगुती वापराला परवानगी नाही. कोठी बहुतेक घरांत झोपायच्या खोलीत किंवा माळ्याखाली असते, झाकण हवाबंद नसतं आणि वायू खोलीत उतरतो. या विषावर उतारा नाही, डॉक्टर फक्त लक्षणांवर उपचार करू शकतात. गोळी कापडात बांधली, वर्तमानपत्रात गुंडाळली, म्हणून धोका कमी होत नाही. लहान मुलं असलेल्या घरात तर असली पुडी दारातून आतच येऊ देऊ नका.

भरताना कोठी काठोकाठ भरा. वर मोकळी जागा म्हणजे किडीला हवा. एक मोठी कोठी भरण्यापेक्षा दोन-तीन मध्यम भरा, झाकणाच्या कडेला रुंद चिकटपट्टी लावा आणि एक संपल्याशिवाय दुसरी उघडू नका. हवा खरोखर बंद असेल तर आत राहिलेली थोडीफार कीड प्राणवायू संपवून स्वतःच मरते. रोज उघडझाप होणाऱ्या कोठीत हे कधीच घडत नाही. कोठी पाटावर ठेवा, भिंतीपासून वीतभर दूर.

पावसाळ्यात उघडीप मिळाली की वापरातल्या कोठीत कोपरापर्यंत हात घाला. आतला गहू बाहेरच्यापेक्षा ऊबदार लागला तर आत कीड श्वास घेते आहे, दिसो वा न दिसो. त्याच दिवशी सगळं बाहेर काढा, चाळा, ऊन पडेपर्यंत पातळ पसरून ठेवा. थंडीत त्यांची वाढ मंदावते, पण फाल्गुन येतोच.

रवा, मैदा, बेसन एका महिन्यापुरतंच आणा. शंका असेल तर पिशवी घट्ट बांधून चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, उणे अठरा अंशांवर अंडीसुद्धा मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर आत पाणी सुटतं.

बाकी घराचं थोडक्यात. कूलरचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून टाकी घासा, डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत. झुरळांना बिजागऱ्यांजवळ आणि गॅसच्या ओट्याखाली जेलचे बारीक ठिपके द्या आणि त्या जागी फवारा मारू नका, फवाऱ्याच्या वासाने झुरळं जेल खात नाहीत. पाइपाभोवतीची फट बोट जाईल एवढीही ठेवू नका, उंदराच्या पिल्लाला तेवढी पुरते. जाळी आणि सिमेंट, कापडाचा बोळा नको. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे आले आणि घरातच चौकटीखाली पंखांचा सडा दिसला, तर वाळवी घरातच आहे असं समजा. वाळवीने केलेली मातीची नळी पुसून टाकू नका, वाळवीचं औषध मारणारा माणूस बोलावून तीच दाखवा, त्याला औषधासाठी छिद्रं कुठे पाडायची ते त्यावरूनच कळतं. तो यायच्या आदल्या रात्री कोठ्या त्या खोलीतून हलवा.