सिंकखालच्या कचरा-यंत्राचा खर्च : सोलापुरातील घरासाठी हिशेब

ओला कचरा दळून तो सांडपाण्याबरोबर वाहून नेणारे, सिंकच्या खाली बसवायचे यंत्र दुकानात 'फूड वेस्ट डिस्पोजर' या नावाने मिळते. ते घेऊ पाहणारे बहुतेक लोक यंत्राच्या डब्यावरची किंमत पाहून निर्णय करतात, आणि नंतर सिंक, नळजोड, विजेचा पॉइंट असे खर्च एकामागून एक निघत गेले की अंदाजपत्रक हातचे जाते. शहराच्या जुळे सोलापूर या भागातील आमच्या घरी हेच घडले. यंत्र विकणाऱ्याने सिंकच्या भोकाचे माप विचारले नाही, आम्हीही सांगितले नाही, आणि यंत्र आल्यावर सिंकच बदलावे लागले. म्हणून पुढील हिशेब मी ज्या क्रमाने करायला हवा होता, त्या क्रमाने मांडत आहे.

पहिली तपासणी दुकानात नव्हे, घराबाहेरच्या चेंबरजवळ करावी. सिंकचे पाणी महापालिकेच्या ड्रेनेजला मिळते की आवारातल्या सेप्टिक टाकीत जाते, हे आधी पाहावे. जुन्या पेठांमध्ये ड्रेनेज बहुधा असते; परंतु १९९२ च्या हद्दवाढीत शहराला जोडल्या गेलेल्या भागात अनेक घरे आजही सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा यांवरच अवलंबून आहेत. अशा घरात हे यंत्र बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दळलेला कचरा नाहीसा होत नाही. तो टाकीच्या तळाशी गाळ म्हणून साचतो, तेलकट भाग वर साय धरतो, आणि टाकी उपसण्याची गाडी पूर्वीपेक्षा लवकर बोलवावी लागते. तेलकट पाणी शोषखड्ड्यात उतरू लागले, तर खड्ड्याची पाणी जिरवण्याची क्षमताही घटते, आणि तो पुन्हा खोदण्याचा खर्च यंत्राच्या खर्चाइतका सहज होऊ शकतो. सदनिकेत राहत असाल तर सोसायटीची लेखी संमती घ्यावी, कारण वरच्या मजल्यावरील दळलेला कचरा ज्या उभ्या पाइपातून उतरतो तो सर्वांचा असतो, आणि तो तुंबला की पाणी तळमजल्यावरच्या कुटुंबाच्या मोरीत वर येते.

दुसरा हिशेब पाण्याचा. उजनी धरणाचे पाणी आपल्याकडे रोज येत नाही; काही दिवसांआड आलेल्या पाण्यावर टाकी भरून घर चालवावे लागते, आणि यंत्राची जाहिरात ज्या शहरांना डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते त्यांच्यात व आपल्यात हाच मोठा फरक आहे. यंत्र चालू असताना मिनिटाला साधारण सहा ते आठ लिटर थंड पाणी सोडावे लागते, आणि दळण्याचा आवाज थांबल्यावरही पंधरा-वीस सेकंद नळ चालू ठेवावा लागतो, नाहीतर चोथा पाइपाच्या वळणात बसतो. दिवसातून तीन वेळा, दर वेळी दोन मिनिटे, मिनिटाला सात लिटर असे धरले तर रोज ४२ लिटर पाणी लागते. पाण्याची पाळी पाच दिवसांनी येत असेल तर तेवढ्या काळात २१० लिटर, म्हणजे हजार लिटरच्या टाकीचा पाचवा हिस्सा केवळ कचऱ्यासाठी जातो. उन्हाळ्यात टँकर मागवावा लागणाऱ्या घराने हा आकडा टँकरच्या दराने गुणून पाहावा. यावर एक चांगला उपाय आहे. यंत्र वेगळे पाणी सोडून चालवण्याऐवजी खरकटी भांडी विसळताना चालवावे. जे पाणी एरवीही वाहून जाणारच असते तेच दळण्याला उपयोगी पडते, आणि जादा पाणी निम्म्याहून कमी लागते. बोअरचे जड पाणीही या कामाला चालते, त्यामुळे सिंकवर बोअरचा वेगळा नळ असेल तर तोच वापरावा.

पाणी आणि ड्रेनेज या दोन्ही बाबी जुळल्या, तरच यंत्राच्या निवडीकडे वळावे. या यंत्राची कल्पना अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या रॅसीन येथील जॉन हॅम्स या वास्तुविशारदाला १९२७ मध्ये सुचली, आणि मूळ रचना आजही फारशी बदललेली नाही. मिक्सरप्रमाणे यात धारदार पाती असतात, असा समज आहे. तो चुकीचा आहे. तळाशी एक चकती फिरते, तिच्यावरचे सैल ठोकळे कचरा भोवतालच्या खरबरीत कड्यावर आपटतात, आणि बारीक झालेला चोथाच कड्याच्या फटींतून खाली उतरतो. मोटारी दोन प्रकारच्या असतात. कायम चुंबकाची मोटार हलकी, स्वस्त आणि जास्त वेगाची असते. इंडक्शन मोटार जड, महाग, पण संथ आणि टिकाऊ असते. चार-पाच माणसांच्या घराला पाऊण अश्वशक्तीची मोटार पुरते. दळण्याचा कक्ष स्टेनलेस स्टीलचाच असावा, कारण आपल्या स्वयंपाकातील चिंच, लिंबू आणि मीठ साध्या लोखंडी भागांना लवकर गंज चढवतात. परदेशातून नातेवाइकाने आणलेले यंत्र मात्र स्वीकारू नये. अमेरिकेतील यंत्रे ११० ते १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी बनतात, आपला पुरवठा २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचा आहे. चांगल्या घरगुती यंत्रासाठी साधारण दहा हजारांपासून चाळीस हजार रुपयांपर्यंत मोजण्याची तयारी ठेवावी. किमतीइतकाच महत्त्वाचा प्रश्न दुरुस्तीचा आहे. कंपनीचा माणूस सोलापुरात आहे, की सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्याहून येणार, आणि वॉरंटीच्या काळातही त्याच्या येण्याजाण्याचे पैसे आपल्याला द्यावे लागणार का, हे बिल करण्यापूर्वी लिहून घ्यावे.

आता सिंक. यंत्राच्या फ्लँजला, म्हणजे सिंकच्या भोकात बसणाऱ्या कड्याला, बहुधा साडेतीन इंचांचे, म्हणजे सुमारे ९० मिलिमीटरचे भोक लागते. आपल्याकडील अनेक जुन्या सिंकांना त्याहून लहान जाळी बसवलेली असते, तर काही नव्या सिंकांचे भोक मोठे असते. लहान भोक स्टीलच्या सिंकमध्ये मोठे करून मिळते, मोठ्या भोकासाठी जोड देणारे वेगळे कडे घ्यावे लागते. मात्र पत्रा फारच पातळ असेल तर पाच ते आठ किलोचे यंत्र लटकून थरथरत राहते आणि कालांतराने कडेने गळती सुरू होते. एक मिलिमीटर जाडीचा पत्रा असावा. ओट्याखालची जागाही मोजावी. यंत्र साधारण फूटभर उंचीचे असते, आणि ओट्याला आधार देणारी कडप्प्याची उभी फरशी किंवा नंतर बसवलेली ट्रॉली नेमकी त्याच जागी येते. सिंकच्या तळापासून जमिनीपर्यंत, भिंतीतल्या सांडपाण्याच्या तोंडापर्यंत आणि दोन्ही बाजूंच्या फरश्यांपर्यंत अशी मापे घेऊन, मोबाईलवर छायाचित्र काढून, तीच दुकानात दाखवावीत.

सांडपाण्याच्या पाइपाबाबत कोणतीही तडजोड करू नये. बहुतेक घरांत सिंकपासून एक वळ्यावळ्यांचा लवचीक पाइप निघतो आणि तो नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीतल्या सांडपाण्याच्या तोंडाच्या, जाळीत नुसता खोचलेला असतो. दळलेला चोथा त्या वळ्यांमध्ये अडकतो, आंबतो, आणि महिनाभरात स्वयंपाकघरात वास सुटतो. त्याऐवजी आतून गुळगुळीत असा किमान दीड इंची पीव्हीसी पाइप, उघडून साफ करता येईल असा पी-ट्रॅप (वास अडवण्यासाठी पाणी धरून ठेवणारे पाइपाचे वळण) आणि दर फुटाला पाव इंच उतार एवढे हवेच. बाटलीच्या आकाराचा बॉटल ट्रॅप दिसायला आटोपशीर असतो, परंतु त्याच्या तळाशी चोथा बसत असल्याने तो या यंत्राखाली लावू नये. यंत्रातून निघणारे तोंड भिंतीतल्या तोंडापेक्षा खाली जात असेल तर भिंत फोडून पाइप खाली घ्यावा लागतो. हा खर्च आधी दिसत नाही, आणि टाइल्स बसवलेल्या स्वयंपाकघरात तोच सर्वांत जड जातो.

विजेसाठी सिंकखाली, पण पाइपापासून दूर आणि जमिनीपासून उंच, अर्थिंग असलेला स्वतंत्र तीन पिनांचा पॉइंट घ्यावा. ओल्या हाताने बटण दाबले जाणारच, म्हणून हवेच्या दाबावर चालणारे बटण ओट्यावर बसवावे. त्यात वीज नसते, केवळ नळीतून हवा दाबली जाते. घराच्या विजेच्या फलकात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल, तर यंत्र घेण्याआधी तो बसवून घ्यावा. हा खर्च यंत्राच्या नावावर मांडू नये; तो घरातल्या माणसांच्या जिवासाठी आहे. वीजबिलाची काळजी मात्र करू नये. पाऊण अश्वशक्ती म्हणजे सुमारे ५६० वॉट. रोज सहा मिनिटे चालले तर महिन्याला पावणेदोन युनिटही होत नाहीत.

एका मध्यम घरासाठी अंदाजपत्रक असे धरता येईल. यंत्र २०,००० रुपये, हवेचे बटण वेगळे घ्यावे लागल्यास १,५००, प्लंबरची मजुरी १,२००, पाइप-ट्रॅप व सांधे बुजवायचे सिलिकॉन १,३००, इलेक्ट्रिशियन व पॉइंटचे साहित्य १,८००; बेरीज २५,८०० रुपये. सिंक बदलावे लागले तर नवे सिंक, ओट्याचा दगड कापणे आणि पुन्हा सांधणे मिळून आठ-दहा हजार रुपये आणखी ठेवावेत, आणि भिंत फोडावी लागली तर गवंड्याचे दोन दिवस. प्रत्येक कारागिराकडून प्रत्यक्ष जागा दाखवून दर लिहून घ्यावा; फोनवर सांगितलेला आकडा धरून चालू नये.

एवढा खर्च करूनही घंटागाडीचा डबा सुटत नाही, हे आधीच मान्य करावे. शेंगांची टरफले, डाळिंबाची साल, शेवग्याच्या चोखलेल्या शेंगा, मक्याची पाने, कांद्याची साले, आंब्याची कोय, नारळाची शेंडी आणि मटणाची मोठी हाडे यंत्रात घालायची नाहीत. तंतुमय वस्तू ठोकळ्यांभोवती गुंडाळल्या जातात आणि कठीण वस्तूंनी चकती अडते. भात आणि भाकरीचे पीठ दळले जाते, पण पाण्याने फुगून पाइपात खळीसारखे चिकटते, म्हणून परातीतले पीठ आधी खरवडून काढावे. उरलेली भाकरी आणि भाज्यांची देठे गाईला घालण्याची रीत ज्या घरांत चालू आहे, त्यांनी ती यंत्रासाठी मोडू नये. फोडणीचे तेल तर सिंकमध्ये कधीच ओतू नये. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना हे सारे शांतपणे, यंत्र चालवून दाखवून समजावावे, कारण चमचा किंवा तारेची घासणी आत गेली तर पहिला प्रसंग त्यांच्यावरच येतो. आत हात घालायचा नाही, आधी प्लग काढायचा आणि चिमट्याने वस्तू उचलायची, हे त्यांना आणि घरातल्या मुलांना पाठ असले पाहिजे. चकती अडून मोटार बंद पडली तर मोटार पुन्हा चालू करण्याचे तळाचे लाल बटण दाबण्यापूर्वी सोबत आलेल्या षट्कोनी चावीने चकती दोन्ही दिशांना फिरवून मोकळी करावी. एवढे येत असले की कारागिराची फेरी वाचते.

सेप्टिक टाकीच्या घरांना याच कामासाठी गच्चीवरचा खताचा डबा पुष्कळ स्वस्त पडतो. झाकणाचे, तळाला भोके असलेले दोन डबे, कोरडा पालापाचोळा किंवा नारळाचा भुसा आणि थोडे आंबट ताक एवढ्यावर तो सुरू होतो. सोलापूरच्या उन्हात डबा लवकर सुकतो, म्हणून तो सावलीत ठेवून अधूनमधून पाण्याचा हबका द्यावा लागतो.

यंत्र बसवून झाल्यावर मजुरीचे सगळे पैसे लगेच देऊ नयेत. भोक बुजवून सिंक काठोकाठ भरावे, पाच मिनिटे तसेच ठेवावे, आणि फ्लँजच्या कडेने कोरडा कागद फिरवून ओल लागते का पाहावी. मग पाणी एकदम सोडून यंत्र चालू करावे आणि ट्रॅपचा प्रत्येक सांधा पुन्हा कागदाने पुसावा. नहाणी ट्रॅपमधून पाणी वर येत नाही ना, हेही त्याच वेळी दिसते. सिलिकॉन वाळायला दिवसभर लागतो, म्हणून ही चाचणी दुसऱ्या दिवशी प्लंबरच्या समक्ष करण्याचे आधीच ठरवावे आणि मजुरीचा शेवटचा हिस्सा त्या वेळी द्यावा.