नागपूरच्या उन्हाळ्यात तापणारा गेमिंग लॅपटॉप थंड कसा ठेवायचा

मे महिन्यात दुपारी तीनला भाच्याचा फोन आला. "मामा, गेम अडकून अडकून चालतोय. डब्ल्यूच्या बटनावर बोट ठेवता येत नाही." मी विचारलं, कूलर सुरू आहे का? "नाही ना, माइकमध्ये त्याचा आवाज जातो, मित्र ओरडतात."

अर्धं दुखणं इथेच कळलं. लॅपटॉपचा पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो आणि तापवून बाहेर टाकतो, हवा थंड करणं त्याला जमत नाही. खोली एक अंशाने तापली की आतला प्रोसेसरही साधारण तेवढाच वर चढतो. बहुतेक लॅपटॉप 35 अंशांपर्यंतच्या हवेत चालतील असे बनवलेले असतात. आपल्याकडे 23 मे 2013 रोजी पारा 47.9 वर गेला होता, आणि एरवीच्या मे महिन्यातही 43-44 चं कोणाला नवल वाटत नाही.

तरी काहीही करण्याआधी मोजा. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाका, वीस मिनिटं नेहमीचा गेम खेळा आणि सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) आणि जीपीयू (ग्राफिक्सची चिप) यांचं सर्वांत जास्त तापमान कागदावर लिहा. शेजारी खोलीचं तापमानही लिहा, नाहीतर उद्याचा आकडा कशाशी ताडून पाहणार? गेम खेळताना सीपीयू 85-90 वर जाणं गेमिंग लॅपटॉपला नवीन नाही. 95 ते 100 च्या घरात पोचून त्याचा वेग धाडकन खाली येत असेल, तर चिप स्वतःला वाचवण्यासाठी काम कमी करते आहे. गेम अडकतो तो त्यामुळे. यापुढे एका वेळी एकच बदल करा आणि दर वेळी पुन्हा मोजा.

आता जागा बघा. गादीवर लॅपटॉप ठेवला की खालच्या जाळ्या बंद होतात, शिवाय गादीतला कापूस आत जातो तो वेगळाच. टेबलावर ठेवा आणि मागच्या दोन पायांखाली एकेक खोडरबर सरकवा. एवढ्यानेही काही अंश उतरतात, खर्च दहा रुपये.

कूलर लावाच, पण खिडकी किंवा दार उघडं ठेवून. बंद खोलीत कूलर फक्त दमट हवा फिरवत बसतो. लॅपटॉप थेट झोतात नको. कूलरच्या नव्या ताट्यांमधून, म्हणजे गवताच्या जाळ्यांमधून, पाण्याचे बारीक तुषार उडतात, आणि बोअरचं पाणी असेल तर वाळल्यावर त्याचा पांढरा क्षार उरतो. बाजूला सहा-सात फुटांवर ठेवा. माइकच्या आवाजासाठी नॉइज सप्रेशन, म्हणजे मागचा आवाज गाळणारी सेटिंग, सुरू करा, कूलर बंद करू नका. आणि बर्फाच्या पिशवीवर लॅपटॉप ठेवायची आयडिया कोणी दिली तर हसून सोडून द्या, थंड पत्र्यावर दव धरतं.

यानंतर खरं काम, सफाई. वॉरंटी सुरू असेल तर उघडण्याआधी तिच्या अटी वाचा. हाताची खात्री नसेल तर सीताबर्डीच्या एखाद्या दुरुस्तीवाल्याकडे न्या, पण समोर बसून करून घ्या. घरी करायचं तर लॅपटॉप पूर्ण बंद करा, स्लीपवर नको. चार्जर काढा. कागदावर लॅपटॉपच्या तळाचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर वरच्या पत्र्याला टेंगूळ येतं, हे मी स्वतः करून पाहिलंय. झाकण निघालं की आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवा.

धूळ पंख्याच्या पात्यांवर दिसते, पण अडते ती पंखा आणि तांब्याच्या बारीक पट्ट्यांच्या मधे. भाच्याच्या लॅपटॉपमधून तिथली राखाडी घडी चिमट्याने अख्खी निघाली, नमद्याच्या तुकड्यासारखी. पंखा बोटाने धरून मगच ब्रश किंवा ब्लोअर चालवा. मोकळा सोडलात तर तो भन्नाट फिरतो आणि बेअरिंग जाऊ शकतं.

लॅपटॉप तीन-चार वर्षांचा असेल तर थर्मल पेस्टही बदला, म्हणजे चिपची उष्णता वरच्या धातूच्या हीटसिंककडे पोचवणारा लेप. आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुनी पुसा, नवीन पातळ पसरवा, आणि हीटसिंकचे स्क्रू त्यावर छापलेल्या क्रमानेच आवळा. काही महागड्या मॉडेल्समध्ये पेस्टऐवजी लिक्विड मेटल असतं. त्यातून वीज वाहते, एक थेंब बोर्डावर सांडला की खेळ संपला. तिथे हात घालू नका.

सेटिंग्जमध्ये दोनच गोष्टी करा. गेममध्ये एफपीएसची, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची, मर्यादा 60 ठेवा. मग विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधल्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट 100 चं 99 करा, म्हणजे टर्बो बूस्ट, प्रोसेसरने नेहमीपेक्षा जास्त वेगाने धावणं, बंद होतो. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय दिसत नाही, तिथे कंपनीच्या ॲपमधला सायलेंट मोड घ्या. वेग थोडा जातो, पण बऱ्याच गेममध्ये तो जाणवतही नाही. भाच्याचा सीपीयू सफाईनंतर 97 वरून 89 वर आला होता, 99 च्या या एका आकड्याने तो 78 वर उतरला.

कूलिंग पॅड मी शेवटी ठेवतो. त्याचे पंखे तुमच्या लॅपटॉपच्या जाळ्यांच्या बरोबर खाली येत असतील तरच घ्या, नाहीतर खोडरबर बरे.

लॅपटॉप कायम चार्जरवर असेल तर चार्जिंगची मर्यादा 80 टक्क्यांवर ठेवा, उष्णता आणि पूर्ण भरलेली बॅटरी यांचं जमत नाही. ट्रॅकपॅड वर आल्यासारखा वाटला, किंवा लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगायला लागला, तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. तेव्हा चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, बॅटरीला दाबू-टोचू नका आणि ऊन उतरल्यावर थेट सर्व्हिस सेंटर गाठा.